चिखलातून आलेले चेहरे

जपान हा बेटांचा देश आहे. त्यांपैकी सर्वांत मोठे बेट होन्शू. या बेटाच्या ईशान्य भागात मियागी नावाचा प्रांत आहे. त्याच्या दक्षिण टोकाला, पॅसिफिक महासागराच्या काठी, यामामोतो हे लहानसे नगर वसलेले आहे. पश्चिमेस ठेंगणे डोंगर, पूर्वेस अथांग सागर आणि या दोहोंच्या मध्ये सपाट व सुपीक भूमी, अशी या नगराची रचना आहे. येथील लोक स्ट्रॉबेरी आणि सफरचंदे पिकवतात. समुद्रातून मोठे शिंपले काढण्याचा व्यवसायही येथे चालतो. २०११ साली या नगरात सोळा हजारांहून थोडी अधिक माणसे राहत होती.

जपानी कुटुंबांत छायाचित्रे मोठ्या आस्थेने जपली जातात. एप्रिल महिन्यात, चेरीची झाडे बहरलेली असताना, तेथील शाळांचे वर्ष सुरू होते. पहिल्या दिवशी नवे दप्तर पाठीवर घेतलेल्या बालकाचे छायाचित्र हमखास काढले जाते. तीन, पाच व सात वर्षांच्या मुलांना नोव्हेंबर महिन्यात पारंपरिक पोशाख घालून देवदर्शनास नेतात. तेव्हाही छायाचित्र निघते. मग विवाह, नव्या घराचा प्रवेश, शाळेच्या सहली आणि गावचे उत्सव यांची भर पडत जाते आणि एकेका कुटुंबाचे आल्बम भरून जातात. पुष्कळ घरांत पूर्वजांसाठी वेगळा देव्हारा असतो. त्यात दिवंगतांची नावे लिहिलेल्या लाकडी पट्टिका ठेवतात. घरातील वडीलधाऱ्यांच्या तसबिरीही आदराने लावलेल्या असतात. अशा रीतीने घरातील चार पिढ्या एकमेकींच्या सहवासात नांदत असतात.

११ मार्च २०११ हा शुक्रवारचा दिवस होता. दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी समुद्राच्या तळाखाली प्रचंड भूकंप झाला. त्याची तीव्रता ९.० इतकी होती. जपानमध्ये भूकंपमापनाची सोय झाल्यापासून एवढा मोठा भूकंप तेथे नोंदला गेला नव्हता. समुद्रतळ एकाएकी उचलला गेल्यामुळे वरचे पाणी हेलावले आणि त्सुनामी लाटा किनाऱ्याकडे धावून आल्या. सुमारे एका तासाने त्या यामामोतोवर येऊन आदळल्या.

नगराच्या एक तृतीयांशाहून अधिक भूमीवर पाणी पसरले. दोन हजारांहून अधिक घरे जमीनदोस्त झाली. सहाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. स्ट्रॉबेरीचे बहुतेक मळे नष्ट झाले आणि किनाऱ्यालगतचा लोहमार्ग वाहून गेला. संपूर्ण जपानात त्या दिवशीच्या आपत्तीत १८,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली अथवा बेपत्ता झाली.

या नगरातील नाकाहामा नावाची प्राथमिक शाळा समुद्रापासून अगदी जवळ होती. लाट दहा मिनिटांत येणार, अशी सूचना मिळाली. सुरक्षित जागी पायी पोहोचण्यास मात्र सुमारे वीस मिनिटे लागणार होती. मुख्याध्यापकांनी क्षणाचाही विलंब न लावता निर्णय घेतला आणि सर्वांना दुमजली इमारतीच्या माथ्यावरील माळ्यात नेले. पाणी दुसऱ्या मजल्याच्या छतापाशी पोहोचले. परंतु माळा वाचला. विद्यार्थी, शिक्षक आणि आश्रयास आलेले ग्रामस्थ अशा एकूण ९० जणांनी ती कडाक्याच्या थंडीची रात्र तेथे काढली. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरने त्यांची सुटका झाली. त्यांतील एकालाही प्राण गमवावा लागला नाही.

पाणी ओसरल्यावर मागे चिखल, मोडके लाकूड आणि फुटकी भांडी यांचे ढीग उरले. जपानच्या स्वसंरक्षण दलाचे जवान हरवलेल्या माणसांचा शोध घेऊ लागले. काम अत्यंत कष्टाचे आणि मन विदीर्ण करणारे होते. ढिगारे उपसताना जवानांच्या हाती वरचेवर आल्बम लागत. कधी एखादे सुटे छायाचित्र, कधी मुलाचे दप्तर, तर कधी पूर्वजाच्या नावाची पट्टिकाही सापडे. या वस्तूंना बाजारात कवडीची किंमत नव्हती. तरीही जवानांनी त्या कचऱ्यात टाकल्या नाहीत. त्या त्यांनी बाजूला काढल्या आणि एकत्र गोळा केल्या. हळूहळू त्या साऱ्या एका शाळेच्या व्यायामशाळेत जमा झाल्या. पुढे मोजदाद झाली तेव्हा एकट्या यामामोतो नगरातील छायाचित्रांची संख्या सुमारे साडेसात लाख भरली!

घर गेलेली माणसे तात्पुरत्या निवाऱ्यात राहत होती. त्यांना अन्न, वस्त्र, औषध यांची निकड होती. तरीही अनेक जण आपल्या घराच्या जागी पुन्हा पुन्हा जात आणि चिखलात काही तरी शोधत. ते काय शोधत असतील? भांडी नवी घेता येतात. घरही पुन्हा बांधता येते. परंतु लाटेने ओढून नेलेल्या आईचा चेहरा पुन्हा पाहावयाचा, तर त्याला एकच साधन होते. ते म्हणजे तिचे छायाचित्र. काही कुटुंबांजवळ तर अंत्यविधीच्या वेळी ठेवण्यासाठीही दिवंगताची तसबीर उरली नव्हती.

छायाचित्रे सापडली खरी. पण ती टिकणार नव्हती. याचे कारण छायाचित्राच्या घडणीत आहे. रासायनिक पद्धतीने तयार केलेल्या छायाचित्राच्या कागदावर जिलेटीन नावाच्या पदार्थाचे पातळ थर असतात. जिलेटीन हे जनावरांची हाडे व कातडी यांपासून बनते. चित्राचे रंग या थरांतच असतात. सर्वांत वर निळसर, मध्ये किरमिजी आणि सर्वांत खाली पिवळा असा त्यांचा क्रम असतो. पाण्यात भिजले की जिलेटीन फुगते व मऊ होते. चिखलातील सूक्ष्म जंतूंना ते अन्नासारखे असते. ते त्यावर वाढतात आणि त्याला कुरतडत जातात. प्रथम वरचा निळसर रंग नाहीसा होतो, मग किरमिजी जातो, आणि शेवटी पिवळाही विरघळून कोरा कागद उरतो. बहुधा हा नाश कडांपासून आरंभ होतो आणि मध्यभागाकडे सरकतो. म्हणूनच पुष्कळ छायाचित्रांत मधले चेहरे शाबूत आणि भोवताली लाल-पिवळे डाग, असे दृश्य दिसत होते.

मार्चमधील थंडीत जंतूंची वाढ मंद होती. परंतु जून महिन्यात जपानात पावसाळी दिवस सुरू होतात आणि त्यामागून उन्हाळ्याची उष्णता येते. दमट व उबदार हवेत जंतू झपाट्याने वाढले असते. आज ओळखू येणारा चेहरा महिन्याभराने ओळखू आला नसता. म्हणून काम तातडीने होणे आवश्यक होते.

२०११ सालच्या वसंत ऋतूत या कामासाठी एक उपक्रम सुरू झाला. त्याला ‘ओमोइदे साल्व्हेज’ असे नाव देण्यात आले. ‘ओमोइदे’ म्हणजे आठवण आणि ‘साल्व्हेज’ म्हणजे बुडालेली वस्तू वर काढणे. विद्यापीठांतील प्राध्यापक, विद्यार्थी आणि छायाचित्रकार दूरदूरच्या शहरांतून यामामोतोला आले. नगरातील रहिवासीही त्यांना येऊन मिळाले. मुनेमासा ताकाहाशी हा तरुण छायाचित्रकार त्यांपैकीच एक होता. या माणसांना कोणी वेतन देत नव्हते. तोंडाला पट्टी व हातांत मोजे घालून ती दिवसच्या दिवस चिखलाने माखलेली पाने उलटीत.

ही छायाचित्रे धुण्याचे काम दिसते तितके सोपे नव्हते. आल्बममधील चिकट पाने आणि त्यांवरील पारदर्शक आवरण यांत ओल अडकून राही. म्हणून आधी आल्बम उघडून त्यातील छायाचित्रे हलक्या हाताने सोडवावी लागत. एका आल्बममधील चित्रे दुसऱ्यातील चित्रांत मिसळू नयेत, याची दक्षता घ्यावी लागे. कारण दहा चित्रांतील एक ओळखले गेले, तर उरलेल्या नऊंचाही मालक सापडे. वाळलेला चिखल मऊ कुंचल्याने झाडून काढीत. नंतर छायाचित्र थंड, स्वच्छ पाण्यात बुडवून बोटाच्या टोकाने किंवा कुंचल्याने अलगद धूत. जोराने घासले, तर चिखलाबरोबर रंगही निघून जाण्याची भीती होती. डोळे, कपाळ, हनुवटी यांच्याजवळ आले की हात आपोआप थबकत. धुतलेली छायाचित्रे दोरीवर चिमट्यांनी टांगून सावलीत वाळवीत. शेवटी प्रत्येकाचे कॅमेऱ्याने नवे छायाचित्र घेत आणि त्याला क्रमांक देत. त्यामुळे मूळ कागद पुढे खराब झाला, तरी त्यावरील प्रतिमा सुरक्षित राहणार होती आणि संगणकाच्या पडद्यावर ती शोधताही येणार होती.

अशी कामे किनाऱ्यावरील इतर नगरांतही चालली होती. छायाचित्रांचे साहित्य बनविणाऱ्या फुजीफिल्म या कंपनीने छायाचित्रे धुण्याच्या योग्य रीती लोकांना शिकविल्या आणि हजारो छायाचित्रे स्वतः धुवून दिली. रिको या दुसऱ्या कंपनीने काही नगरांतील चार लाखांहून अधिक छायाचित्रांच्या संगणकीय प्रती तयार केल्या. त्यांपैकी सुमारे ९०,००० छायाचित्रे मालकांना परत मिळाली. न्यूयॉर्कमधील बेकी मॅन्सन ही छायाचित्रे दुरुस्त करणारी कुशल कारागीर स्वयंसेविका म्हणून ओफुनातो या बंदरात आली होती. तिने जगातील अनेक देशांतील आपल्या व्यवसायबंधूंना हाक दिली. त्यांनी फाटलेली, डागाळलेली चित्रे संगणकावर जुळवून, रंगवून पूर्ववत केली आणि त्या त्या कुटुंबांकडे पाठविली. ज्यांना ते कधी भेटले नव्हते आणि ज्यांची भाषाही त्यांना येत नव्हती, अशा माणसांचे चेहरे ते रात्री जागून दुरुस्त करीत होते.

छायाचित्र स्वच्छ झाले, म्हणजे अर्धेच काम झाले. ते कोणाचे, हे कळेपर्यंत उरलेले अर्धे शिल्लक राही. यामामोतोत धुतलेली छायाचित्रे नगरवासीयांना पाहण्यासाठी मांडून ठेवण्यात आली. लोक येत, रांगेने पुढे सरकत आणि एकेक चेहरा न्याहाळीत. एखाद्याला आपले चित्र सापडे. एखाद्याला आपले सापडत नसे. पण शेजाऱ्याचे सापडे आणि तो धावत जाऊन शेजाऱ्याला बोलावून आणी. या कामी सर्वाधिक उपयोगी पडल्या त्या वृद्ध माणसांच्या आठवणी. जुन्या चित्रातील शाळेचा गणवेश, मागे दिसणारे देऊळ, दुकानाची पाटी किंवा डोंगराची कडा यांवरून ते चित्राचा काळ व ठिकाण सांगत. संगणक प्रती काढू शकत होता. पण हा अमक्याचा आजा आणि ही तमक्याची आत्या, हे सांगण्यासाठी माणूसच हवा होता. अशा प्रकारे लाखो छायाचित्रे आपापल्या घरी परतली.

काही छायाचित्रांच्या मागे नाव, गाव व तारीख लिहिलेली होती. त्यांचा मालक शोधणे सोपे गेले. परंतु पुष्कळ चित्रे मुकी होती. घरातील सर्वांना ठाऊक आहे, मग लिहावयाचे कशाला, असेच कोणालाही वाटते. पण ज्यांना ठाऊक होते, तीच माणसे लाटेत गेली तेव्हा त्या चित्रांतील हसरे चेहरे निनावी झाले.

आणखी एक गोष्ट या कामात ध्यानात आली. रासायनिक पद्धतीने तयार केलेली जुनी छायाचित्रे चिखलातही बरीच तग धरून राहिली. घरगुती यंत्रावर शाईने छापलेल्या पुष्कळ चित्रांची शाई मात्र पाण्यात विरघळून गेली. जी छायाचित्रे केवळ संगणकात किंवा मोबाइलमध्येच होती, ती खाऱ्या पाण्याने यंत्रे निकामी होताच बहुधा कायमची हरवली. साधन नवे आहे म्हणून त्यातील ठेवा सुरक्षित असतोच असे नाही, हे यावरून दिसून आले.

सर्वच छायाचित्रे वाचली, असे मात्र नाही. सुमारे ३०,००० चित्रे इतकी झिजली होती की त्यांत कोणाचा चेहरा ओळखणे शक्य नव्हते. कोठे एक हात उरला होता, कोठे लहान मुलाचे पाय, तर कोठे केवळ रंगांचे ढग. ही चित्रे ‘आशा नाही’ असे ठरवून निराळ्या पेटीत टाकलेली होती. त्यांचे काय करावयाचे, असा प्रश्न पडला. ताकाहाशी व त्याचे सहकारी यांना ती फेकून देववेना. त्यांनी या चित्रांचे प्रदर्शन भरविण्याचे ठरविले. २०१२ साली ही चित्रे जपानमधील टोकियो, तसेच अमेरिकेतील लॉस एंजलिस आणि न्यूयॉर्क या शहरांत मांडण्यात आली. भिंतीवर खालपासून वरपर्यंत ओळीने लावलेले ते हजारो पुसट कागद पाहताना प्रेक्षक स्तब्ध होत. आपत्तीत अमुक इतकी माणसे गेली, हा आकडा त्यांनी वृत्तपत्रांत वाचलेला होता. येथे त्यांना कळले की त्या आकड्यातील प्रत्येकाचा एक वाढदिवस होता, एक सहल होती, एक अंगण होते. प्रदर्शनात जमलेला निधी आपद्ग्रस्तांच्या साहाय्यार्थ देण्यात आला. ज्या चित्रांकडून कोणी आशा धरली नव्हती, तीही अशी नगराच्या उपयोगी पडली.

यामामोतो नगर पुढे हळूहळू उभे राहिले. स्ट्रॉबेरीची नवी लागवड झाली. लोहमार्ग समुद्रापासून दूर, आतल्या बाजूस बांधण्यात आला आणि डिसेंबर २०१६ मध्ये त्यावरून पुन्हा गाड्या धावू लागल्या. मात्र पुष्कळ कुटुंबे दुसरीकडे निघून गेली. किनाऱ्यावरील कित्येक जुन्या वस्त्या आता नकाशावरच राहिल्या आहेत. त्या वस्त्यांतील गल्ल्या, दुकाने व उत्सव पाहावयाचे असतील, तर ती छायाचित्रेच उघडली पाहिजेत.

नाकाहामाची शाळा पाडून टाकलेली नाही. मोडलेल्या भिंती व वाकलेल्या लोखंडी सळ्या यांसह ती तशीच राखून सप्टेंबर २०२० मध्ये लोकांना पाहण्यासाठी खुली करण्यात आली. त्या शाळेची एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. १९८९ साली तिची इमारत नव्याने बांधण्यात आली तेव्हा पूर्वी समुद्राचे पाणी गावात शिरल्याची आठवण ग्रामस्थांना होती. त्यांच्या आग्रहावरून शाळेची जागा सुमारे दोन मीटर भर घालून उंच करण्यात आली होती. २०११ साली पाणी दुसऱ्या मजल्याच्या छतापाशी येऊन थांबले. ती दोन मीटरची भर नसती, तर माळ्यातील ९० जणांचे काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. जुन्या माणसांनी जपलेली एक आठवण मुलांच्या प्राणांचे रक्षण करून गेली!

भूतकाळाचा ठेवा जपण्यासाठी मोठ्या पदाची वा संपत्तीची गरज नसते. घरातील जुने छायाचित्र घेऊन आजीजवळ बसावे. त्यातील प्रत्येकाचे नाव, नाते, गाव आणि वर्ष तिला विचारावे. ते मऊ पेन्सिलीने चित्राच्या मागे हलक्या हाताने लिहावे. शाई वापरू नये. ती ओलीने पसरते. कागद गुळगुळीत असल्यामुळे पेन्सिल उमटत नसेल, तर आल्बमच्या पानावर लिहावे. आल्बम दमट भिंतीपासून दूर, उंचावरील फळीवर ठेवावा. चित्रांची एक प्रत काढून ती दुसऱ्या गावी राहणाऱ्या आप्ताकडे द्यावी. एवढे काम कोणाही मुलास एका सुटीत करता येण्यासारखे आहे. आजीला नावे आठवत आहेत, तोपर्यंत ते झाले पाहिजे.

अभ्यास

१. यामामोतो नगरातील लोक चिखलात पुन्हा पुन्हा काय शोधत होते? का?

२. भिजलेली छायाचित्रे उन्हाळ्यापूर्वी धुणे का आवश्यक होते? छायाचित्राच्या घडणीच्या आधारे सांगा.

३. छायाचित्रांचे मालक शोधण्यात वृद्ध माणसांचा कोणता उपयोग झाला?

४. ‘जुन्या माणसांनी जपलेली एक आठवण मुलांच्या प्राणांचे रक्षण करून गेली.’ हे विधान स्पष्ट करा.

५. पुढील शब्द वाक्यांत वापरा : जमीनदोस्त होणे, तग धरणे, दक्षता घेणे, शाबूत.

६. उपक्रम : आपल्या घरातील एका जुन्या छायाचित्रातील माणसांची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहून आणा.